ग्रामसभा कोणासाठी?

(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गावाचा कारभार हा विषय आपल्या बैठकांत सहसा शेवटी येतो. दिल्ली आणि मुंबईची चर्चा संपली की उठता उठता नळाच्या पाण्याचा आणि दिवाबत्तीचा उल्लेख होतो. आज क्रम उलटा करू. डॉ. लोहियांनी 'चौखंबा राज्या'ची कल्पना मांडली, तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब त्यांनी सारख्याच महत्त्वाचे मानले होते. त्यांतील पहिले दोन खांब आज कोणत्या अवस्थेत आहेत, एवढेच मला तपासायचे आहे.

मराठवाड्याला हा कारभार वारशाने मिळालेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी अमलाखाली होता. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतींचा कायदा त्यापूर्वीचा, १९५८ चा. पुढे १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीला घटनेत स्थान मिळाले. अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय लिहिले गेले. परंतु विषय लिहून देणे वेगळे आणि त्यांसाठी माणसे व पैसा देणे वेगळे. शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, वीज महावितरणकडे, रेशन तहसीलकडे. आणि तक्रार मात्र सरपंचाकडे, अशी आपली वाटणी आहे.

मोठ्या गावांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो : आपल्याला नगरपंचायत का नको? तालुक्याचे ठिकाण म्हणून केजला ती मिळाली. सतरा नगरसेवक, शासनाने नेमलेला मुख्याधिकारी आणि नगरविकास खात्याचा निधी, हे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु दुसरी बाजूही पाहावी. गाव शहर ठरले की केंद्राची ग्रामीण रोजगाराची योजना तेथून उठते. प्रत्येक मतदाराला उभे राहून हिशेब विचारण्याचा हक्क देणारी ग्रामसभाही उरत नाही. पाटी बदलल्याने नळाला पाणी येत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटले, तेव्हा महापालिका असलेल्या लातूरलाही मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते धरण आपल्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, जे हत्यार हाती आहे त्याला आधी धार लावावी. ते हत्यार ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे ठरलेले दिवस. आता बीड जिल्ह्याचे पंचांग त्याशेजारी ठेवून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. गावाचा विकास आराखडा करण्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि थंडीत पुरी होते. म्हणजे ज्यांच्या वस्तीला रस्ता नाही, तांड्यावर नळ नाही, ज्यांच्या मुलांना हंगामी वसतिगृहाची गरज आहे, ते नेमके उसाच्या फडात असताना त्यांच्या गावाचा आराखडा ठरतो. त्यांना सभेबाहेर कोणी हाकललेले नसते. सभेची तारीखच तेवढे काम करते.

गणपूर्तीचेही तसेच. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-वीस माणसांच्या सह्यांवर अख्ख्या गावाची संमती कागदावर उतरते. कायद्याने सामान्य सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा सांगितली आहे. तीही अनेकदा वहीतच भरते. २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या, पण खुर्चीवर बसलेल्या बाईच्या हाती हिशेबाची वही आली की नाही, हे विचारण्याचे काम आपले आहे.

वरच्या खांबाची कथा याहून वेगळी नाही. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक बसले. निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. शाळेचे छप्पर गळते हे सांगायला निवडलेला सदस्यच नाही, अशी स्थिती लोकशाहीत येते आणि तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, हे अपयश सरकारइतकेच आपलेही आहे.

तेव्हा तीन कामे अंगावर घ्यावीत. पहिले, टोळ्या परतल्यावर १ मेच्या सभेत आराखडा पुन्हा वाचून घ्यावा आणि ऊसतोड कामगारांच्या मागण्या त्यात नोंदवायला लावाव्यात. टोळ्या निघण्यापूर्वी खास ग्रामसभेची मागणी करावी. ज्यादा सभा बोलावण्याचा अधिकार सरपंचाला आहे. दुसरे, वित्त आयोगाचा निधी किती आला, त्यातला पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला भाग कोठे खर्च झाला आणि मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा पंधरा टक्के कोणत्या वस्तीत गेला, हे चावडीवरच्या फळ्यावर लिहायला लावावे. न लिहिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तिसरे, आपण स्वतः घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरावी. जो कर भरतो त्याचा प्रश्न कोणाला टाळता येत नाही; आणि ज्याला भरणे शक्य नाही त्याच्यासाठी बोलण्याचा अधिकारही त्यामुळेच येतो.

ही कामे लहान आहेत, त्यांची वर्तमानपत्रांत बातमी होणार नाही. परंतु फडातून परतलेला माणूस १ मेला ग्रामसभेत उभा राहून "आमच्या वस्तीचे काय ठरले?" असे विचारील, आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहावे लागेल, त्या दिवशी पहिला खांब जमिनीत रोवला जाईल. येत्या १ मेला आपण कोठे असणार, एवढे प्रत्येकाने आजच ठरवावे.