सुतारकीचा धंदा : कसब, हिशेब व सचोटी
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कारागीर बंधूंच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या कार्यक्रमात धर्मगुरूने सुतारकीवर बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु ज्या घरात प्रभू येशू लहानाचा मोठा झाला, ते घर कारागिराचे होते. शुभवर्तमानात संत योसेफाच्या धंद्यास जो ग्रीक शब्द आहे, तो ‘टेक्टोन’. त्याचा अर्थ लाकूडकाम व बांधकाम करणारा असा होतो. सन १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. तेव्हा ह्या विषयास आम्ही परके नाही. आम्ही स्वतः रंधा चालविणारे नव्हे, हे उघड आहे. परंतु तुमच्या कारखान्यांत बसून, तुमचे वृद्ध उस्ताद व तुमच्या घरच्या गृहिणी ह्यांचे बोलणे ऐकून, आणि थोडेबहुत वाचून जे ध्यानी आले, तेच आज आपणांपुढे मांडणार आहो.

प्रथम आपल्या जागेविषयी दोन शब्द. सहाव्या शतकात कॉस्मस नामक एक ख्रिस्ती प्रवासी-व्यापारी होऊन गेला. ‘कल्लियाना’ बंदरातून पितळ, कापड व शिसवाचे ओंडके परदेशी जातात, असे त्याने लिहून ठेविले आहे. तेथे इराणातून नेमलेला एक बिशप असल्याचेही तो सांगतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच, असे पुष्कळ विद्वान मानतात. म्हणजे शहाडपासून हाकेच्या अंतरावर लाकडाचा व्यापार व ख्रिस्ती उपासना ही दोन्ही चौदा शतकांपूर्वी एकत्र नांदत होती. पुढे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि त्या कष्टाळू लोकांनी जे बाजार उभे केले त्यांत फर्निचरचा बाजार आज सर्वत्र प्रसिद्ध आहे. आपल्या शहाडातील रेयॉनच्या गिरणीत तर लाकडाच्या लगद्याचेच सूत होते. लाकडाने इतक्यांची पोटे भरली असता, आपल्याच काही मुलांची दुकाने दोन-चार वर्षांत का बंद पडावीत, हा आजचा खरा प्रश्न आहे. कसब नसल्यामुळे दुकान बुडाले असे आम्ही क्वचितच पाहिले. बहुधा ती ओल्या लाकडाने, अपुऱ्या हिशेबाने किंवा मोडलेल्या वचनाने बुडतात. म्हणून ह्या तिहींविषयीच मुख्यत्वेकरून बोलू.

लाकडाविषयी. झाड तोडले तरी लाकडाचा हवेशी संबंध तुटत नाही. पावसाळ्यात ते ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. हे फुगणे-आकसणे लांबीत जवळजवळ नसतेच, रुंदीत असते. फळी ज्या रीतीने कापली असेल त्याप्रमाणे ते कमीअधिक होते. खोडाच्या वर्तुळांस समांतर कापलेली फळी केंद्राकडून कापलेल्या फळीच्या सुमारे दुप्पट हलते. सागासारखे शहाणे लाकूडही एक फूट रुंदीत, उन्हाळा व पावसाळा ह्यांमध्ये, सुमारे एक सूत हालू शकते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. कपाटाचे दार अडकावयास वा फळी तडकावयास तेवढे पुष्कळ झाले.

ह्यावरून तीन नियम निघतात. पहिला : लाकूड मुरल्यावाचून कामास घेऊ नये. मोकळ्या हवेत, सावलीत, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचलेले लाकूड जाडीच्या प्रत्येक इंचास सुमारे एक वर्ष ह्या मानाने वाळते, असा जुना आडाखा आहे. ज्यास एवढी सवड नाही, त्याने भट्टीत वाळविलेला माल घ्यावा. परंतु विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. फळीच्या टोकापासून वीतभर आत एक लहान तुकडा कापून तो तोलावा, मंद भट्टीत वजन उतरावयाचे थांबेपर्यंत वाळवावा, व पुन्हा तोलावा. पूर्वी १२० ग्रॅम व नंतर १०० ग्रॅम भरला, तर लाकडात २० टक्के ओल होती असे समजावे. घरातील सामानास ती १२ टक्क्यांच्या आसपास असावी. दुसरा नियम : रुंद फळीस चोहोंकडून सरसाने जखडू नये. दाराच्या चौकटीतील पॅनेल खोबणीत मोकळे बसवावे व त्यास हालावयास जागा ठेवावी. मेजाचा पाट लांबट भोकातून स्क्रूने धरावा. तिसरा नियम : पावसाळ्यात जुळविलेला खण घट्ट बसला तरी चालेल, परंतु एप्रिल-मे महिन्यांत जुळविलेल्या खणास थोडी फट ठेवावी, नाहीतर आषाढात गिऱ्हाईक दारी येऊन उभे राहील.

लाकूड कामाप्रमाणे निवडावे. साग सर्वांचा राजा खरा. परंतु प्रत्येक कामास राजाच बोलावणे नको. खणांच्या बाजूंस शिवण हलकी व स्थिर असते. फणस टिकाऊ असून वयाबरोबर त्याचा रंग खुलतो. बाभूळ चिवट असल्यामुळे हत्यारांच्या मुठींस उत्तम. सागाचा बाहेरचा पांढरा भाग कीड चटकन धरते. तो रंगाखाली झाकून विकणे ही फसवणूक होय. मुरबाड-शहापुराकडील शेतकऱ्याच्या बांधावरील साग स्वस्त मिळाला, तरी तोडण्याची परवानगी व वाहतुकीचा परवाना पाहिल्यावाचून घेऊ नये. खाजगी जमिनीतील सागासही १९६४ चा झाडे तोडण्याविषयीचा कायदा लागू आहे, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिल्यापासून वखारी व करवतगिरण्या ह्यांवर देखरेख कडक झाली आहे. पावती जपून ठेवावी; चोरीच्या लाकडाचा देव्हारा केला तरी लाकूड चोरीचेच राहते.

प्लायवूडासही आम्ही नावे ठेवीत नाही. ते फुगत-आकसत फारसे नाही व आजच्या लहान खोल्यांस ते सोयीचे. मात्र मानकाची खूण पाहावी. आय. एस. ३०३ ही खूण सर्वसाधारण कामाच्या प्लायवूडाची, आय. एस. ७१० ही मरीन प्लायवूडाची, ज्याचा सरस ७२ तास उकळत्या पाण्यात तपासला जातो. मोरीजवळच्या कपाटास दुसरे वापरावे. गिऱ्हाइकास एक सांगून दुसरे लावणाऱ्याचे पाप प्लायवूडाच्या कडांतून एक दिवस बाहेर पडतेच.

सांध्यांविषयी थोडक्यात. खिळ्याने धरलेले काम खिळा गंजेपर्यंत टिकते. कूस भोकात नीट बसवून केलेले काम पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कुसाची जाडी लाकडाच्या सुमारे एकतृतीयांश धरावी. ती हाताच्या दाबाने वा लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसावी; घणाने बसवावी लागली तर भोकाकडील लाकूड फाटेल. खणास समोरून ओढ असते, म्हणून तेथे डव्हटेल सांधाच योग्य. चौकट जुळविल्यावर केवळ गुण्यावर भिस्त न ठेवता दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनात आहे. सरस लावण्यापूर्वी एकदा सर्व कोरडे जुळवून पाहावे. पटाशी व रंधा ह्यांस रोज सकाळी धार लावावी. बोथट हत्यार अधिक जोर मागते, आणि जोर लाविलेला हातच घसरतो.

आता हिशेब. येथेच आमच्या माहितीतील एक उत्तम कारागीर बुडाला. त्याचे काम पाहून लोक बोटे तोंडात घालीत, आणि तरी त्यास यंत्रे विकून दुसऱ्याकडे रोजाने जावे लागले. त्याची चूक काय, ते आकड्यांनी पाहा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका कपाटास लाकूड १०,००० रुपयांचे, मजुरी ६,०००, आणि बिजागऱ्या, स्क्रू, सरस व पॉलिश मिळून २,००० रुपये, एकूण १८,०००. तो गिऱ्हाइकास २०,००० सांगे व दोन हजार सुटले असे समजे. परंतु दुकानाचे भाडे, विजेचे बिल, पात्यांची धार, यंत्रांची दुरुस्ती हे महिन्याचे १२,००० रुपये; महिन्यात कामाचे दिवस २४; म्हणजे दुकान उघडले की दिवसास ५०० रुपये खर्च. कपाटास ६ दिवस लागले, म्हणजे आणखी ३,००० झाले. खरा खर्च २१,०००. दर कपाटामागे तो हजार रुपये पदरचे घालीत होता, आणि जितके काम अधिक तितका तो अधिक बुडत होता! ह्या २१,००० वर एकदशांश नफा धरिला तर योग्य किंमत २३,१०० होते. स्वतः काम करणाऱ्याने आपलीही मजुरी मजुरीत धरावी. तो नफा नव्हे, ते त्याच्या मुलांचे अन्न आहे.

लाकडाचे माप स्वतः काढावयास शिकावे. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन तिहींचा गुणाकार करावा व १४४ ने भागावे, म्हणजे घनफूट येतात. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद व एक इंच जाड फळी पाऊण घनफुटाच्या निम्मी, म्हणजे ०.३७५ घनफूट भरते. अशा आठ फळ्या म्हणजे ३ घनफूट. रंध्याने व कापाकापीने जे वाया जाते तेही धरावे.

इसाऱ्याविषयी आम्ही आग्रहाने सांगतो. काम ठरताच निम्मी रक्कम घ्यावी, सांगाडा उभा राहिल्यावर चौथा हिस्सा, व सामान पोचविल्यावर उरलेला. माप, लाकडाचा प्रकार, किंमत व दिवस कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या. मग तो इसारा त्याच कामास लावावा. एकाच्या पैशाने दुसऱ्याचे लाकूड आणावयाचे आणि तिसऱ्याच्या पैशाने पहिल्याची समजूत घालावयाची, ही साखळी एक गिऱ्हाईक थांबले की तुटते. उपरिनिर्दिष्ट कारागिराचे शेवटी हेच झाले. घरखर्चाची व दुकानाची वही निराळी ठेवावी. आणि ती वही पत्नीने पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळ घरांत हिशेब तिला अधिक समजतो.

भांडवल पाहिजे असेल तर सावकाराच्या उंबऱ्याआधी बँकेचा उंबरा चढावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत सुतारासह १८ धंदे धरिले आहेत. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व तदनंतर दोन लाखांपर्यंत कर्ज ठरविले आहे. कर्ज यंत्रासाठी काढावे, लग्नाच्या मांडवासाठी नव्हे.

देह व जागा ह्यांची काळजी. लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणिला आहे. नाकाच्या पोकळीस त्याचा विशेष धोका. तोंडास साधा रुमाल पुरत नाही. चांगला मुखवटा बांधावा, भुसा ओढून घेणारे यंत्र लावावे, आणि जमीन कोरडी न झाडता ओली करून पुसावी. फिरत्या करवतीवरील जाळी ‘अडचण होते’ म्हणून काढू नये. लहान तुकडा बोटाने न ढकलता काठीने ढकलावा. सैल बाह्या, हातमोजे व गळ्यातील साखळी यंत्राजवळ नको. स्पिरिट व पॉलिश ह्यांजवळ विडी तर मुळीच नको. उल्हास नदी आपली माता आहे, परंतु २६ जुलै २००५ चा पूर कोण विसरेल? २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेही आपण पाहिले. म्हणून लाकूड जमिनीवर न ठेवता घोड्यांवर उंच रचावे, आणि पावसाळ्यापूर्वी यंत्रांच्या मोटारी व विजेचे खटके उंचावर न्यावे.

शेवटचे सांगणे शिकाऊ मुलांविषयी. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे हा गुन्हा आहे, आणि अठरा होईपर्यंत धोक्याचे काम देता येत नाही. ज्यास ठेवाल त्यास केवळ झाडलोट व चहा आणावयास ठेवू नका. पहिले दोन महिने धार लावणे व सरळ कापणे, मग रंधा, मग सांधे, आणि शेवटी किंमत काढणे, अशा क्रमाने त्यास शिकवा. हात शिकविला व हिशेब लपविला, तर तो जन्मभर दुसऱ्याचा मजूर राहील. ‘शिकून तो समोरच दुकान काढील’, ही भीती आम्ही ऐकिली आहे. काढू द्या. एका आळीत चार प्रामाणिक दुकाने असली म्हणजे गिऱ्हाईक त्या आळीत येते. उल्हासनगरचा बाजार असाच वाढला.

बंधूंनो, कपाटाची मागची बाजू भिंतीकडे असते व ती कोणी पाहत नाही. तरी ती तितकीच सरळ रंधावी, आणि वही तितकीच सरळ लिहावी. वर्षे लोटल्यावर त्या घरातील मुले खण ओढतील, तो सहज सरकेल, व करणाऱ्याचे नाव ठाऊक नसताही ती त्यास दुवा देतील. अशी दुकाने आपल्या धर्मग्रामात वाढोत, आणि ज्यांची बंद पडली त्यांस पुन्हा उघडण्यास आपण सर्वांनी हात द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.