फीत आणि तबकडी



घरोघरीं माळ्यावर पडलेल्या चित्रफितींचें काय करावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. व्हीएचएस पद्धतीची फीत १९७६ सालीं जपानांत बाजारांत आली. १९९६ मध्यें तेथेंच डीव्हीडी तबकडी निघाली, आणि २०१६ सालीं फुनाई या जपानी कंपनीनेंही व्हीसीआर यंत्रें बनविणें थांबविलें.

विकत आणलेल्या बोलपटांची चिंता नको. त्यांतील बहुतेकांची तबकडी मिळते व चित्रही अधिक स्वच्छ दिसतें. जीव अडकतो तो घरच्या फितींत. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण एका लेपानें बसविलेले असतात. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत त्या लेपाला ओल धरते, बुरशी येते, आणि फीत यंत्रांतच चिकटून बसते.

म्हणून तबकडी अवश्य करावी, संगणकांतही एक प्रत ठेवावी. पण मूळ फीत टाकूं नये. मीं ती टाकली. भगिनीच्या विवाहाची फीत तबकडीवर उतरवून घेतली आणि अडगळ गेली म्हणून समाधान मानलें. कारखान्यांतल्या तबकडीवर ठसा उठविलेला असतो. आपण उतरवितों तिच्यांत मात्र रंगाचा थर असतो व तो कालांतरानें विटतो, हें तेव्हां मला कुठें ठाऊक होतें! आतां सप्तपदीपर्यंत चित्र नीट चालतें. पुढें चौकोन दिसूं लागतात, आणि पाठवणीच्या वेळीं वडील कांहीं बोलतात, तेथेंच तबकडी अडते. तें वाक्य आम्हां भावंडांपैकीं प्रत्येकाला निराळें आठवतें.