ड्रायव्हरची खोली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



रौप्यमहोत्सवी वर्षाची सहल गोव्याला काढायची आणि मोठी बस न करता चार भाड्याच्या गाड्या करायच्या, असं आपलं जवळजवळ ठरलेलं आहे. सेक्रेटरी मला म्हणाले, "तुम्ही बँकेत होता, तेव्हा गाड्यांचं आणि खर्चाचं जरा चार शब्दांत सांगा." खर्चाचं सांगतोच. पण खर्चाच्या कागदावर एक रकाना राहिलेला मला दिसला. तो याआधी एकदा माझ्याही हातून राहिला होता. म्हणून उभा राहिलो.

आपल्या गडहिंग्लजकरांना सीमेचं काही अप्रूप नाही. संकेश्वरला बाजाराला गेलं की कर्नाटक, बेळगावला दवाखान्याला गेलं की कर्नाटक. चहा इकडे घ्यायचा आणि पान तिकडे खायचं, असा आपला कारभार. गोव्याची सीमा मात्र आमच्या लहानपणी परदेशाची सीमा होती. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पोर्तुगिजांचं राज्य सुरू व्हायचं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथं निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यांचं स्मारक आजही रस्त्यालगत आहे. गोवा मोकळा झाला १९ डिसेंबर १९६१ला. आज आपण तिथून गाणी ऐकत जातो. सहलीत दोन मिनिटं तिथं थांबावं, अशी माझी विनंती आहे.

आता रस्ता. इथून आजरा, आंबोली, घाट उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा आणि पणजी. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण या रस्त्याची गंमत अंतरात नाही. आपल्या गावावरून वाहणारी हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीला. म्हणजे आंबोलीपर्यंत आपण आपल्याच नदीच्या माहेराकडे चाललेलो असतो. आजऱ्याला रामतीर्थावर ती खडकांवरून उड्या घेते. पुढं झाडी दाट होत जाते आणि आंबोलीनंतर एकदम जमीन संपल्यासारखी होऊन खाली कोकण दिसायला लागतं. पावसाळ्यात तर काही दिसतच नाही, नुसतं धुकं आणि धबधब्याचा आवाज. असा रस्ता बघायचा असेल तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात हवं, हे खरं. शिवाय आता आपल्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे आणि गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा त्याच्याही पलीकडे. तेव्हा ड्रायव्हर ठेवणं ही चैन नाही, गरज आहे.

गाडी ठरवताना काय बघावं, ते आधी सांगतो. पहिलं म्हणजे नंबरप्लेट. भाड्याच्या टुरिस्ट गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. ओळखीतला कुणी म्हणतो, "काका, माझी घरची गाडी न्या की, स्वस्तात सोडतो." पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं चालवायला परवानगी नसते. उद्या काही घडलं तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. वाचलेले हजार-दोन हजार त्या वेळी कामाला येत नाहीत.

दुसरं, परमिट. १ एप्रिल २०२१पासून टुरिस्ट गाड्यांना अखिल भारतीय परमिट ऑनलाइन मिळण्याची सोय झाली. ते असलं की प्रत्येक राज्याच्या सीमेवर वेगळं परमिट काढायची गरज राहत नाही. म्हणून गाडी ठरवतानाच विचारा, "गोव्याचं परमिट आहे का? मुदत कधीपर्यंत?" विमा, फिटनेस, पीयूसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स, सगळं आता मोबाइलवर दिसतं. दाखवा म्हणायला लाजू नका. आम्ही बँकेत कागद बघितल्याशिवाय कर्ज देत नव्हतो. इथं तर आपण जीव देतो आहोत.

तिसरं, भाव. किलोमीटरचा दर किती, दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार, मोजणी आपल्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून, टोल आणि पार्किंग कुणाकडे, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता किती. हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर घेतलं तरी चालेल. पणजीच्या फुटपाथवर उभं राहून हिशेब करण्यापेक्षा ते बरं.

आणि ज्यांची स्वतःची गाडी आहे, पण चालवायला रोजावर ड्रायव्हर बोलावतात, त्यांनी आपली विमा पॉलिसी काढून बघावी. पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचं कलम त्यात आहे का? माझ्या पॉलिसीत त्यासाठी वर्षाला पन्नास रुपये लागतात. पन्नास रुपयांसाठी ते गाळू नये.

इथवरचं सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. आता जे ठाऊक नव्हतं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही पाच जण मंगेशी आणि शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो. आम्ही दोघं, माझे मेहुणे, त्यांच्या सौ. आणि माझ्या थोरल्या वहिनी. गाडी मी ठरवली. पाटी बघितली, परमिट बघितलं, दर पाडून घेतला. रात्रीचा भत्तासुद्धा घासाघीस करून कमी केला. ड्रायव्हर जवळच्याच खेड्यातला, तिशीचा, कमी बोलणारा. घाटात गाडी अशी उतरवली की वहिनींनी डोळे उघडे ठेवले. उतरताना गिअर खालचाच, न्यूट्रल नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट. मेहुणे मला म्हणाले, "माणूस चांगला निवडलास."

पणजीत लॉजवर सामान उतरवलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की याच्या झोपायचं आपण काही ठरवलेलंच नाही. मी विचारलं, "तुझं काय रे?" तो म्हणाला, "मी गाडीतच झोपतो की साहेब. सवय हाय." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. दोन रात्रींचे खोलीचे बाराशे रुपये वाचले, असं मी मनातल्या मनात मांडलंसुद्धा.

त्या दोन्ही रात्री पाऊस होता. काच लावली तर आत घाम, उघडली तर पाऊस आणि डास. हे मला आज कळतं. तेव्हा मी पंख्याखाली झोपलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, जुनं गोवं, मग म्हापशाचा बाजार. मेहुण्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि ड्रायव्हरला म्हणाले, "स्टेपनीखाली ठेव, कोण बघतंय." तो पहिल्यांदाच ठामपणे बोलला. "नको साहेब. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी धरली तर तुम्ही दंड भरून घरला जाशिला. गाडी जाईल मालकाची आणि नोकरी जाईल माझी." बाटल्या परत केल्या. विनापरवाना गोव्याची दारू आणणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे आणि त्यात गाडी जप्त होते. सहलीला येणाऱ्या तरुण मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं. काजू हवे तेवढे घ्या.

सावंतवाडीत नातवंडांसाठी लाकडी खेळणी घेताना आणखी वेळ गेला. दाणोली सोडून घाट चढायला लागलो तेव्हा संध्याकाळचे सात झाले होते. म्हणजे तो माणूस तेरा तास कामावर होता. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. आम्ही सगळे डुलक्या घेत होतो. एकदम ट्रकचा लांबलचक हॉर्न आणि आमच्या सौं.ची किंकाळी. डोळे उघडले तर समोर दोन दिवे, आणि आमची गाडी उजवीकडे त्यांच्यावर चाललेली. ड्रायव्हरनं दचकून स्टिअरिंग ओढलं. ट्रक कसा पुढं गेला, मला सांगता येणार नाही. एका क्षणाची डुलकी होती.

आंबोलीत टपरीवर थांबलो. माझं डोकं फिरलं होतं. मी त्याला बोलायला तोंड उघडलं, तर तोच खाली मान घालून म्हणाला, "काका, चुकलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई." तीन दिवस साहेब म्हणणारा तो एकदम काका म्हणाला. माझ्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले. वाचवलेले बाराशे रुपये मला आठवले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या, आणि ही चूक माझ्याच अक्षरात होती.

त्या रात्री आम्ही आंबोलीतच राहिलो. तीन खोल्या घेतल्या. तिसरी त्याची. किल्ली हातात दिली तर तो घेईना. मी म्हटलं, "ही तुझ्यासाठी नाही, आमच्यासाठी आहे." सकाळी आठला तो उठला, आंघोळ करून आला, चेहरा निराळाच. जाता जाता हिरण्यकेशीच्या उगमाला गेलो. पायऱ्यांवर तो वहिनींचा हात धरून चालत होता. मला म्हणाला, "सात वरीस झाली ह्या लाइनीत. खोली पहिल्यांदाच मिळाली."

मंडळी, १९६१ साली गोवा मोकळा झाला, त्याच वर्षी आपल्या संसदेनं मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा केला. त्यात चालकासाठी सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं लिहिलं. कायदा कागदावर राहतो. सकाळी निघायची आणि संध्याकाळी परतायची वेळ ठरवतो ते आपण, गिऱ्हाईक. मालक तिथं नसतो, पोलीस नसतो. "आणखी एक देऊळ करू" हे आपणच म्हणतो, आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

म्हणून सहलीच्या अंदाजपत्रकात चार गोष्टी घालाव्यात, असं मी सुचवतो. चार ड्रायव्हरांसाठी दोन खोल्या, पंख्याच्या. आपल्याबरोबर त्यांचं दोन वेळचं जेवण. रोज सकाळी आठनंतर निघणं. आणि परतीच्या दिवशी कुठलंही दर्शन नाही, खरेदी नाही. सकाळी निघून घाट उजेडी चढायचा. खर्च किती वाढेल म्हणाल, तर मी मांडून बघितलं. माणशी शंभर-सव्वाशे रुपयांच्या आत बसतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण ही संस्था केली, ती प्रत्येकाला डोक्यावर हक्काचं छप्पर मिळावं म्हणून. आपल्याला घाटातून सुखरूप घेऊन जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर निदान त्या दोन रात्री तरी छप्पर असावं, एवढंच माझं म्हणणं. खजिनदारांनी तो रकाना आजच भरावा. माझ्या गाडीचे जास्तीचे पैसे मी आत्ताच त्यांच्याकडे देतो, पावती मात्र द्या.