बेड्या घालून चाललेला मास्तर



मोर्चे, धरणी, पदयात्रा आपल्याला नव्या नाहीत. भाव मागायला आपण चाललो आहोत. आज आम्ही सांगणार आहोत ती पदयात्रा पोराचा जीव मागणाऱ्या बापाची आहे.

देश दक्षिण अमेरिकेतला कोलंबिया. २१ डिसेंबर १९९७ रोजी फार्क या सशस्त्र बंडखोरांनी पातास्कोय डोंगरावरच्या लष्करी ठाण्यावर हल्ला केला आणि जवानांना पकडून जंगलात नेले. त्यांत पाब्लो एमिलिओ मोन्कायो होता. त्याचे वडील गुस्ताव्हो मोन्कायो सांदोना गावचे मास्तर. साडेनऊ वर्षे गेली, पोरगा सुटेना. जून २००७ मध्ये मास्तरांनी स्वतःला साखळदंड घालून घेतले आणि राजधानीची वाट धरली. हजार किलोमीटरहून जास्त चालून १ ऑगस्टला ते बोगोटात पोचले आणि भर चौकात ठाण मांडून बसले.

राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना चौकात यावे लागले. मास्तरांची मागणी अशी, की तुरुंगातले बंडखोर सोडा आणि आमची माणसे आणा. बोलणी करायची तर अमुक मुलखातून फौज हटवा, अशी फार्कची अट. उरिबेंनी ती फेटाळली. आज वाकलो तर उद्या आणखी माणसे पळवतील, असा सरकारचा मुद्दा. तो पोकळ नव्हता. खंडणीसाठी माणसे पळवणे हा फार्कचा धंदाच होता.

मग मास्तर फुकट चालले का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी सरकारला जाब विचारला तसाच फार्कलाही विचारला. एकाला झोडपून दुसऱ्याला मोकळे सोडले नाही. पोरगा ३० मार्च २०१० रोजी सुटला. सिनेटर पिएदाद कोर्दोबा मध्यस्थ होत्या, रेडक्रॉस सोबत होती, हेलिकॉप्टर ब्राझीलचे होते आणि सरकारने वाट सुरक्षित ठेवली. त्या सुटकेसाठी मुलूखही मोकळा करून द्यावा लागला नाही, बदल्यात कैदीही सोडावे लागले नाहीत. बापाच्या हातातले साखळदंड पोराने स्वतः काढले.

केवळ पदयात्रेने तो सुटला, असा दावा आम्ही करणार नाही. पण बाप गप्प बसला असता, तर जंगलातला तो जवान सरकारी कागदावरचा एक आकडा होऊन राहिला असता.

यातून घ्यायचे ते एवढेच. सरकारने एका अटीला ‘नाही’ म्हटले, म्हणजे सगळ्या वाटा बंद झाल्या असे नाही. ती नको तर कोणती वाट चालेल, हे उत्तर मिळेपर्यंत चौकात बसून विचारत राहायचे.