मॉरिशसचे एक वर्ष : 2024

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही सभासदांनी आम्हाला विचारले, की काचीगुडा-सुलतान बाजारच्या मराठी माणसाला मॉरिशसच्या राजकारणाशी काय देणेघेणे? प्रश्न रास्त आहे. आपल्याला नळाच्या पाण्याचे आणि मालमत्ता कराचे प्रश्न पुरेसे आहेत. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. भारताबाहेर असा एक देश आहे, जिथे मराठी समाज शाळेच्या वेळापत्रकात आणि सरकारी सुट्ट्यांच्या यादीत धरला जातो. तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपल्या तेलुगु शेजाऱ्यांच्या उगादीलाही असते, म्हणजे ओघाने आपला गुढीपाडवाही साजरा होतो. एवढे असून हा समाज तिथे अल्पसंख्यांमधला अल्पसंख्य आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण इथेच राहिलो, त्या दिवसापासून ही अवस्था आपल्याला ओळखीची आहे.

देश केवढा, तर क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या हैदराबाद जिल्ह्याची लोकसंख्या 39 लाखांवर होती. 1834 पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर तिथे उसाच्या मळ्यांत नेले गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. आपले लोक मुंबईहून गेले, आणि त्यांत कोकणातले पुष्कळ होते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' नावाने आजही नाचली जाते. घरात मात्र आता क्रिओल बोलतात. मराठी शाळेत शिकायची आणि देवापुढे म्हणायची भाषा झाली आहे.

आता 2024 कडे येऊ. वर्षाची सुरुवात पाण्याने झाली. 15 जानेवारीला 'बेलाल' चक्रीवादळ आले आणि राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहून गेल्या. लोक कामावर निघून गेल्यानंतर धोक्याचा इशारा वाढवला गेला, म्हणून संताप उसळला आणि हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादच्या वस्त्यांत पाणी शिरले होते ते ज्यांनी पाहिले, त्यांना ही दृश्ये परकी वाटायची नाहीत. पदे मात्र आपल्याकडे इतक्या चटकन सुटत नाहीत. त्याच महिन्यात, 22 जानेवारीला, अयोध्येतील सोहळ्यानिमित्त तिथल्या सरकारने हिंदू कर्मचाऱ्यांना दोन तासांची सवलत दिली. ती निवडणुकीच्या वर्षातली सवलत होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

29 फेब्रुवारीला अगालेगा बेटावरची नवी धावपट्टी आणि धक्का यांचे उद्घाटन झाले. नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मॉरिशसचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी ते दूरदृश्य पद्धतीने केले. अगालेगा मुख्य बेटापासून सुमारे 1,100 किलोमीटर उत्तरेला आहे आणि तिथली वस्ती जेमतेम तीनशे. तीनशे माणसांसाठी तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला, हा प्रश्न तिथल्या विरोधकांनी विचारला. हा लष्करी तळ नाही, असे सरकारने वेळोवेळी सांगितले. धावपट्टी भारताच्या पैशातून झाली, म्हणून आपण तो प्रश्न विचारूच नये असे आम्हाला वाटत नाही.

12 मार्चला स्वातंत्र्याचा 56 वा वर्धापनदिन झाला. प्रमुख पाहुण्या आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू होत्या. महात्माजींची दांडीयात्रा 12 मार्चला निघाली, म्हणून हा दिवस निवडला असे म्हणतात. त्या भेटीत आपल्या दृष्टीने महत्त्वाची घोषणा झाली. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, मिळू शकेल. तिच्याकडे शेवटी पुन्हा येतो.

मधले महिने आम्ही सोडून देतो. वर्षाचा खरा वेग ऑक्टोबरनंतरचा.

3 ऑक्टोबरला ब्रिटन आणि मॉरिशस यांनी संयुक्त निवेदन काढले, की चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला मिळेल आणि दिएगो गार्सियाचा लष्करी तळ दीर्घ मुदतीच्या कराराने चालू राहील. यामागचा इतिहास कटू आहे. 8 नोव्हेंबर 1965 रोजी, स्वातंत्र्य देण्याआधी, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. पुढे 1968 ते 1973 या काळात दीड-दोन हजार रहिवाशांना तिथून हलवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये टाकले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 25 फेब्रुवारी 2019 रोजी सल्लागार मत दिले, की ही फाळणी कायदेशीर नव्हती. त्याच वर्षी 22 मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिले, विरुद्ध फक्त सहा. विजय मोठाच. पण ज्यांची घरे गेली त्या चागोसवासीयांपैकी अनेकांची तक्रार राहिली, की वाटाघाटीच्या टेबलावर आम्हाला कोणी बसवले नाही. नकाशे बदलताना नकाशावरच्या माणसांना विचारत नाहीत, हे 1956 च्या वेळी हैदराबादेत असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. चागोसची गोष्ट अर्थातच फार क्रूर आहे, दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही.

दुसऱ्याच दिवशी, 4 ऑक्टोबरला, जगन्नाथांनी संसद विसर्जित करून 10 नोव्हेंबरची निवडणूक लावली. चागोसच्या विजयावर निवडून यायचे, असा हिशेब दिसतो. पण दोन आठवडे जातात न जातात तोच 'मिसी मुस्तास', म्हणजे 'मिशाळ साहेब', या टोपणनावाने कोणीतरी दूरध्वनीवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर टाकू लागला. राजकारणी, पत्रकार, पोलीस अधिकारी, परदेशी वकिलातीतले लोक, सगळ्यांची बोलणी त्यांत होती. सरकार म्हणाले, फिती बनावट आहेत. मग महिना संपता संपता दूरसंचार नियामकाने मतदानानंतरच्या दिवसापर्यंत समाजमाध्यमेच बंद ठेवण्याचा आदेश काढला! असा गदारोळ झाला, की 2 नोव्हेंबरला तो मागे घ्यावा लागला. 2 नोव्हेंबर हा तिथे मजुरांच्या आगमनाचा स्मृतिदिन. बरोबर 190 वर्षांपूर्वी 'ॲटलस' जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले होते. मळेमालकाच्या परवान्याशिवाय ज्यांना मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्या वंशजांनी एका दिवसात आपले बोलणे परत मिळवले, असे आम्ही मानतो.

निकाल काय लागला? मुख्य बेटावरच्या सर्वच्या सर्व 60 जागा नवीन रामगुलाम आणि पॉल बेरांजे यांच्या आघाडीने जिंकल्या. रॉड्रिग्जच्या दोन जागा तिथल्या स्थानिक पक्षाकडे गेल्या. जगन्नाथ स्वतः पडले. आता आकडे बघा. विजयी आघाडीला सुमारे 62 टक्के मते आणि जगन्नाथांच्या आघाडीला सुमारे 27 टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्तावीस मतदारांनी ज्यांना मत दिले, त्यांचा थेट निवडून आलेला एकही नाही. एका मतदारसंघातून तीन जण निवडायचे आणि मतदाराने तिन्ही मते द्यायची, अशी तिथली पद्धत आहे. लाट आली की तिन्ही जागा एकीकडे जातात. 1982 आणि 1995 मध्येही असेच 60-0 झाले होते.

इथे एक कलम आपण नीट समजून घ्यावे, कारण ते अल्पसंख्यांसाठीच केलेले आहे. त्याला 'बेस्ट लूझर' पद्धत म्हणतात, आपण 'पराभूतांतला अव्वल' म्हणू. 62 निवडून आलेल्यांखेरीज आठपर्यंत जागा पडलेल्या उमेदवारांतून भरता येतात. हेतू असा, की एखाद्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी प्रतिनिधित्व मिळाले, तर तोल सांभाळला जावा. 2024 मध्ये जगन्नाथांच्या आघाडीचे दोघे याच वाटेने सभागृहात आले. नाहीतर मुख्य बेटावरून विरोधक म्हणायला कोणी उरलेच नसते.

पण याची गोम अशी. राज्यघटनेत समाज चारच मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि बाकीचे सगळे 'सर्वसाधारण'. मराठी, तमिळ, तेलुगु हे सगळे हिंदूंच्या रकान्यात. म्हणजे सणाच्या सुट्टीत मराठी वेगळा आणि जागांच्या हिशेबात अदृश्य. शिवाय हा हिशेब आजही 1972 च्या जनगणनेवर चालतो. त्यानंतर समाजाचा प्रश्न जनगणनेत विचारलाच गेला नाही. उमेदवारी अर्जात समाज लिहिण्याच्या सक्तीविरुद्ध काही जण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. 2012 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले, आणि 2014 च्या निवडणुकीपुरती ती सक्ती उठवली गेली. मूळ प्रश्न तसाच आहे. आमचे मत विचाराल तर माणसाला जन्माच्या रकान्यात कोंबणे वाईट, पण रकानाच पुसला की लहान समाज आधी पुसला जातो. दोन्ही वाईटांतले कमी कुठले, हे तिथल्या मराठी लोकांनी ठरवायचे आहे.

घराणेशाहीचेही दोन शब्द. 1968 पासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांत फिरले आहे. 2003 ते 2005 बेरांजे होते तेवढाच अपवाद. तेव्हा 60-0 म्हणजे क्रांती, असे कोणी समजू नये. रामगुलाम आधीच दोनदा पंतप्रधान होऊन गेले होते. सत्तेवर येताच त्यांनी चागोसच्या मसुद्यावर शंका घेतल्या, बोलणी पुन्हा झाली, आणि 22 मे 2025 रोजी करारावर सह्या झाल्या. दिएगो गार्सियाची मुदत 99 वर्षांची ठरली.

आता ओसीआय कार्डाचे. सातवी पिढी म्हणजे पणजोबांच्याही मागे जायचे. पुरावा कुठला? मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, जहाज, बापाचे नाव, जिल्हा, गाव असे लिहिलेले सापडते. लिहिणारा कारकून मराठी जाणणारा नव्हता. त्याने ऐकले तसे लिहिले, आणि कित्येक ठिकाणी आजोबाचे पाळण्यातले नाव नातवाचे आडनाव होऊन बसले. आज तिथली मुले त्या वेड्यावाकड्या स्पेलिंगवरून आपले गाव शोधतात.

आपल्याकडच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. मातृभाषेचा प्रश्न आजवर जनगणनेत विचारला गेला आहे. घरात तेलुगु-उर्दू-हिंदीची सरमिसळ आपणही करतो आणि नातवंडे इंग्रजीत बोलतात. गणना करणारा दारात उभा राहिला की 'काहीही लिहा हो' म्हणायची आपली सवय आहे. मंडळाच्या वतीने आम्ही सुचवतो, की प्रत्येक सभासदाने आपल्या गल्लीतल्या दहा मराठी घरांना आधीच भेटावे आणि मातृभाषा मराठी असेल तर ती मराठीच सांगावी, एवढे बोलून यावे. इच्छुकांनी नावे आज कार्यवाहांकडे द्यावीत. बरकतपुरा आणि इसामिया बाजारसाठी अजून कोणी पुढे आलेले नाही.