समन्स नाकारल्याने दावा टळत नाही

न्यायालयाचे समन्स घेतलेच नाही म्हणजे दावा आपोआप बारगळतो, अशी एक भाबडी समजूत आपल्या खेड्यापाड्यांत आहे. ती घातक आहे. समन्स नाकारले तरी ते बजावले गेले असे न्यायालय धरू शकते. मग प्रतिवादीच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो आणि राहते घर हातचे जाते. म्हणून समन्स घ्यावे, मिळाल्याची तारीख टिपून ठेवावी. लेखी कैफियतीची सर्वसाधारण मुदत त्या तारखेपासून ३० दिवसांची असते.

पण वकिलाची फी कोठून आणावी? १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्य हे शासनाचे कर्तव्य ठरविले. त्यासाठीचा अधिनियम १९८७ चा. अंमलात आला १९९५ साली! गरिबांच्या कायद्यांची चाल ही अशी. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्या बहुतेकांना ती आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावयाचा. अर्जदार निरक्षर असल्यास तेथील अधिकाऱ्यानेच तो भरून, वाचून दाखवून, समजावून सांगून मग अंगठा घ्यावयाचा असतो.