नवतप्यातील परसबाग

रायपुरात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. या काळात परसबागेतले पहिले काम पाण्याचे. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यावे. बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल तपासावी. माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. कन्हार, म्हणजे काळी माती, ओल धरते. मुरमाड भाठा जमिनीत पाणी लगेच निचरते, तिथे थोडे थोडे पण वारंवार द्यावे. आळ्यात धानाचा पेंढा दोन-तीन इंच पसरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. कुंड्या हिरव्या जाळीखाली एकमेकींजवळ ठेवाव्यात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. कडक उन्हात रासायनिक खत देऊ नये आणि कुंडीही बदलू नये. रिकामे वाफे खणून तापू द्यावेत, त्याने मातीतले किडींचे कोष मरतात. जूनच्या मध्यास पाऊस आला, की त्यांत दोडका, कारली, भेंडी लावावी.